पिण्याच्या पाण्यातील विष्ठाजन्य जीवाणू-प्रदूषणाचे प्रयोगशाळा परीक्षण : पद्धती, अर्थनिर्णय आणि मर्यादा

सारांश :
पिण्याच्या पाण्याची जीवाणूविषयक तपासणी प्रत्यक्ष रोगजंतूंचा शोध घेत नाही. विष्ठा पाण्यात मिसळली आहे किंवा नाही, याचा पुरावा देणाऱ्या दर्शक जीवाणूंचा ती शोध घेते. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा ऐतिहासिक विकास, नमुना संकलनाची शिस्त, प्रचलित चार परीक्षण पद्धती आणि त्यांच्या निष्कर्षांचे वाचन यांचे विवेचन केले आहे. 'जीवाणू आढळले' हा निष्कर्ष आणि 'जीवाणू आढळले नाहीत' हा निष्कर्ष यांचे पुराव्यादाखल मूल्य सारखे नसते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दर्शक जीवाणू, कोलिफॉर्म, ई. कोलाय, एमपीएन, पटल गाळण पद्धत, एचटूएस चाचणी, उर्वरित क्लोरीन.

१. प्रस्तावना

पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसणे आणि ते पिण्यास सुरक्षित असणे या दोन भिन्न बाबी आहेत. गढूळपणा, वास किंवा चव यांवरून पाण्याची पारख करण्याची सवय समाजात दीर्घकाळ रुजलेली आहे. परंतु पटकी, विषमज्वर, अतिसार, आमांश व कावीळ या रोगांचे कारक जंतू नितळ पाण्यातूनही पसरतात. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या पाहणीतून निर्णायक असे काही हाती लागले नाही. मृत्यू कोणत्या घरांत झाले आणि ती घरे कोणत्या पंपाचे पाणी वापरत होती, या माहितीच्या आधारे त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. पाण्यातील दोष पाण्यातच दाखवून देणारी पद्धत त्या वेळी अस्तित्वात नव्हती.

आज अशा पद्धती उपलब्ध आहेत, तरीही प्रश्न संपलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुणे शहराच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आंत्रजीवाणू सापडल्यानंतर त्या भागातील पाण्याचे स्रोत चर्चेच्या केंद्रस्थानी आले. अशा प्रसंगी वृत्तपत्रांतून 'पाण्याचा अहवाल' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. मात्र तो अहवाल नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची जाण सुशिक्षित वर्गातही पुरेशी आढळत नाही. ही उणीव दूर करण्याच्या दृष्टीने प्रस्तुत विषयाची मांडणी केली आहे.

२. दर्शक जीवाणूंची संकल्पना

पाण्यात प्रत्यक्ष रोगजंतूच का शोधले जात नाहीत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवून दिला होता. तथापि असा शोध नित्य तपासणीसाठी तीन कारणांमुळे व्यवहार्य ठरत नाही. पहिले कारण असे की, रोगजंतू अनेक प्रकारचे असून प्रत्येकासाठी वेगळे माध्यम व वेगळी पद्धत लागते. दुसरे, पाण्यात त्यांची संख्या अल्प व अनियमित असते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे समाजात रुग्ण असतील तेव्हाच त्या रोगाचे जंतू सांडपाण्यात येतात. म्हणजे रोगजंतू सापडेपर्यंत थांबणे हे साथ सुरू होईपर्यंत थांबण्यासारखे आहे.

यावर उपाय म्हणून निरोगी माणसाच्या आतड्यातही सदैव असणाऱ्या जीवाणूचा आधार घेण्याची कल्पना पुढे आली. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतून अशा एका दंडाकार जीवाणूचे वर्णन केले. पुढे त्यांच्याच नावावरून त्यास एशेरिकिया कोलाय, संक्षेपाने ई. कोलाय, असे नाव मिळाले. एक ग्रॅम मानवी विष्ठेत हा जीवाणू कोट्यवधींच्या संख्येने असतो. सबब पाण्यात तो आढळला, तर विष्ठेस त्या पाण्यापर्यंत येण्याची वाट सापडली आहे, असे अनुमान निघते. त्या वाटेने आज निरुपद्रवी जीवाणू आले असतील, तर उद्या रोगजंतूही येऊ शकतील.

ही कल्पना प्रयोगशाळेत उतरविण्याचे कार्य अनेकांच्या हातून झाले. ख्रिस्तियान आइकमन यांनी १९०४ मध्ये सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानास होणाऱ्या किण्वनाचा उपयोग उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातील जीवाणू वेगळे ओळखण्यासाठी केला. आल्फ्रेड मॅककाँकी यांनी १९०५ मध्ये पित्तक्षार व लॅक्टोज यांनी युक्त माध्यमाचा पुरस्कार केला. पित्तक्षारांमुळे आतड्याबाहेरील पुष्कळ जीवाणूंची वाढ रोखली जाते.

येथे तीन संज्ञांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. 'एकूण कोलिफॉर्म' या गटात ३५ ते ३७ अंश तापमानास लॅक्टोज शर्करेचे किण्वन करून आम्ल व वायू निर्माण करणारे जीवाणू येतात. यांतील काही माती व वनस्पतींवरही राहतात. 'उष्णतासह कोलिफॉर्म' हा त्यातील ४४ ते ४४.५ अंशास वाढणारा उपगट होय. यालाच पूर्वी 'विष्ठाजन्य कोलिफॉर्म' म्हणत. ई. कोलाय ही या उपगटातील प्रमुख जाती असून विष्ठेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा तीच मानली जाते.

३. नमुना संकलनाची शिस्त

परीक्षणातील बऱ्याच चुका प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच झालेल्या असतात. नमुना निर्जंतुक केलेल्या बाटलीतच घ्यावा लागतो. नळाचे पाणी घेताना तोटी स्वच्छ पुसून, ज्योतीने तापवून व दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन मग बाटली भरतात. नदीचा नमुना प्रवाहाच्या विरुद्ध दिशेस बाटलीचे तोंड ठेवून घेतात, तर विहिरीत वजन बांधलेली निर्जंतुक बाटली दोरीने सोडतात. नमुना पुढे नीट हलविता यावा म्हणून बाटली काठोकाठ भरत नाहीत.

क्लोरीनयुक्त पाण्याच्या बाबतीत एक दक्षता अपरिहार्य आहे. बाटली निर्जंतुक करण्यापूर्वी तिच्यात सोडियम थायोसल्फेटचे अल्प द्रावण घातले पाहिजे. ते न घातल्यास पाण्यातील क्लोरीन वाहतुकीच्या काळातही जीवाणूंना मारीत राहतो. नळाशी दूषित असलेले पाणी मग प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत 'निर्दोष' होऊन बसते. काळ व तापमान यांचाही असाच परिणाम होतो. नमुना बर्फाच्या पेटीत, अंधारात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत तपासणीस घेणे आवश्यक असते. उन्हाळ्यात दुपारभर एस.टी.च्या टपावर तापलेल्या बाटलीतील जीवाणूंची संख्या मूळ पाण्याची स्थिती दर्शवीत नाही.

नमुना केव्हा घेतला, यासही तितकेच महत्त्व आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यानंतर लगेच घेतलेला नमुना त्या दिवसाच्या मात्रेची साक्ष देतो. विहिरीच्या नेहमीच्या अवस्थेविषयी तो मौन पाळतो. म्हणून नमुन्यासोबतच्या पत्रकात स्थळ, वेळ, हवामान, स्रोताचा प्रकार आणि शेवटच्या निर्जंतुकीकरणाची तारीख यांची नोंद असणे अगत्याचे आहे.

४. प्रचलित परीक्षण पद्धती

४.१ बहुनलिका किण्वन पद्धत : भारतीय मानक आयएस १६२२ : १९८१ मध्ये वर्णिलेली ही पद्धत महाविद्यालयीन सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांत सर्वाधिक परिचित आहे. मॅककाँकी ब्रॉथ भरलेल्या परीक्षानळ्यांत प्रत्येकी एक लहान उलटी डरहॅम नळी ठेवलेली असते. सामान्यतः पाच नळ्यांत प्रत्येकी १० मिलिलिटर, पाच नळ्यांत १ मिलिलिटर आणि पाच नळ्यांत ०.१ मिलिलिटर पाणी घालतात. ३७ अंशास २४ ते ४८ तास ठेवल्यावर माध्यमाचा रंग बदलला व डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा जमला, तर ती नळी 'सकारात्मक' धरली जाते. ही प्राथमिक चाचणी होय. सकारात्मक नळ्यांतील द्रव ब्रिलियंट ग्रीन लॅक्टोज बाइल ब्रॉथमध्ये संक्रमित करून निश्चिती करतात. ४४.५ अंशास होणारी वाढ आणि इंडोल चाचणी यांवरून ई. कोलायचे अस्तित्व ठरविले जाते. इओसिन मिथिलीन ब्लू अगारवर या जीवाणूच्या वसाहतींना धातूसारखी हिरवी चकाकी येते. प्रत्येक गटातील सकारात्मक नळ्यांच्या संख्येवरून कोष्टकाच्या साहाय्याने 'सर्वाधिक संभाव्य संख्या' अर्थात एमपीएन काढतात. पद्धत स्वस्त आहे व गढूळ पाण्यासही चालते; परंतु निश्चितीसह तिला चार दिवसांपर्यंत अवधी लागतो.

४.२ पटल गाळण पद्धत : १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून निर्वात पंपाच्या साहाय्याने गाळतात. जीवाणू पटलावर अडकतात. ते पटल योग्य माध्यमावर ठेवून उबविल्यास प्रत्येक जीवाणूपासून एक वसाहत तयार होते व ती मोजता येते. चोवीस तासांत प्रत्यक्ष गणना मिळते, हा तिचा लाभ. पावसाळ्यातील गढूळ पाण्याने मात्र पटलाची छिद्रे बुजतात. म्हणजे ज्या ऋतूत तपासणीची निकड सर्वाधिक असते, त्याच ऋतूत ही पद्धत अडचणीची ठरते.

४.३ विकर-आधारित पद्धत : कोलिफॉर्म जीवाणूंमध्ये बीटा-गॅलॅक्टोसिडेज आणि बहुतांश ई. कोलायमध्ये बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर असते. ही विकरे विशिष्ट संयुगांचे विघटन करतात. पहिल्यामुळे पाणी पिवळे होते, तर दुसऱ्यामुळे अतिनील प्रकाशात निळी प्रदीप्ती दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या या पद्धतीने एकाच बाटलीत दोन्ही गटांचा निर्णय सुमारे २४ तासांत होतो. माध्यमाचा खर्च ही तिची प्रमुख अडचण आहे.

४.४ एचटूएस चाचणी : ग्रामीण परिस्थितीचा विचार करून ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य व राव यांनी ही चाचणी विकसित केली आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट व लोहक्षार यांनी भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी बाटलीत असते. तीत २० मिलिलिटर पाणी भरून बाटली सामान्य तापमानास ठेवतात. आतड्यातील काही जीवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात आणि त्याचा लोहाशी संयोग होऊन पाणी काळे पडते. या चाचणीस उबवणपेटी किंवा वीज यांची आवश्यकता नसते आणि निकाल साध्या डोळ्यांनी वाचता येतो. मात्र ई. कोलाय स्वतः सामान्यतः हा वायू निर्माण करीत नाही. सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला यांसारखे अन्य जीवाणू पट्टी काळी करतात. तसेच भूजलात सल्फाइड किंवा सल्फेटचे क्षपण करणारे जीवाणू मुळातच असल्यास विष्ठेवाचूनही पाणी काळे पडते. म्हणून या चाचणीकडे धोक्याची घंटा म्हणून पाहावे, अंतिम निवाडा म्हणून नव्हे.

५. निष्कर्षांचे वाचन

भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या कोणत्याही पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अथवा उष्णतासह कोलिफॉर्म आढळता कामा नये. ही अट वाचावयास सोपी आहे. तिच्या आधारे काढलेल्या निष्कर्षाचे दोन पैलू मात्र दुर्लक्षित राहतात.

पहिला पैलू एमपीएन आकड्याचा. दहा मिलिलिटरच्या पाचही नळ्या आणि एक मिलिलिटरची एक नळी सकारात्मक असता कोष्टक १०० मिलिलिटरमागे ३३ हा आकडा देते. परंतु हा संभाव्यतेवर आधारित अंदाज आहे. त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे १० पासून १०० च्या आसपासपर्यंत पसरलेली असते. साहजिकच एका विहिरीचा आकडा ३३ व दुसरीचा ४९ असल्यास दुसरी विहीर अधिक दूषित आहे, असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांतून अशा आकड्यांचे स्तंभालेख काढून क्रमवारी लावली जाते, ती या कारणाने सदोष ठरते.

दुसरा पैलू शून्याचा. एखाद्या पाण्यात सरासरीने लिटरमागे १० ई. कोलाय आहेत, म्हणजे १०० मिलिलिटरमागे एक, असे समजू. जीवाणू पाण्यात यदृच्छेने विखुरलेले मानल्यास प्वासाँ वितरणानुसार १०० मिलिलिटरच्या नमुन्यात एकही जीवाणू न येण्याची संभाव्यता सुमारे ०.३७ येते. अर्थात असे दूषित पाणी शंभर वेळा तपासले, तर सुमारे ३७ वेळा अहवाल 'आढळले नाही' असाच येईल, आणि तोही प्रयोगशाळेची कोणतीही चूक नसताना. तीन स्वतंत्र नमुने घेतल्यास तिन्ही वेळा शून्य येण्याची संभाव्यता सुमारे ०.०५ पर्यंत खाली येते. प्रत्यक्षात जीवाणू मातीच्या कणांना चिकटून पुंजक्याने वाहतात. त्यामुळे एका नमुन्यावर विसंबणे याहूनही धोक्याचे असते.

यावरून दोन निष्कर्षांतील असमानता स्पष्ट होते. नमुना नीट घेतलेला असल्यास ई. कोलाय आढळणे हा विष्ठेच्या संपर्काचा थेट पुरावा आहे व कृतीसाठी तो एकच पुरेसा आहे. फेरतपासणीची वाट पाहत पाणी पीत राहणे समर्थनीय नाही. याउलट ई. कोलाय न आढळणे हे केवळ त्या क्षणाच्या, त्या ठिकाणच्या, त्या १०० मिलिलिटर पाण्याविषयीचे विधान आहे. अहवालावरील 'पिण्यास योग्य' हा शेरा वर्षभराचे प्रमाणपत्र म्हणून कार्यालयात लावून ठेवणे हा त्या अहवालाचा विपर्यास होय.

६. दर्शक जीवाणूंच्या मर्यादा

दर्शक जीवाणू नष्ट झाले म्हणजे सर्व रोगकारक नष्ट झाले, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. या संदर्भात दिल्लीचे उदाहरण जगभर अभ्यासले गेले आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पात्रातील बदलामुळे नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबाद येथील जलउपशाच्या ठिकाणापर्यंत शिरले. धोका ओळखून जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वर व जीवाणूजन्य आमांशाच्या रुग्णांत तदनुरूप वाढ झाली नाही. म्हणजे जीवाणूंवर उपाय लागू पडला होता. परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या काळात शहरात कावीळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. १९८० मध्ये जतन केलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून ही साथ हिपॅटायटिस 'ए' ची नव्हती, असे दिसून आले. पुढे हा रोग हिपॅटायटिस 'ई' म्हणून ओळखला गेला. जीवाणूंना मारणारी क्लोरीनची मात्रा विषाणूस पुरली नव्हती.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवामुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तेथील शुद्ध केलेले पाणी त्या वेळच्या कोलिफॉर्म मानकांत बसत होते. या आदिजीवाची पुटी क्लोरीनला दाद देत नाही. भारतीय मानकात उर्वरित मुक्त क्लोरीनची किमान मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम असून विषाणूंपासून संरक्षण हवे असल्यास ती किमान ०.५ मिलिग्रॅम असावी, असे नमूद आहे. या तरतुदीचे महत्त्व वरील पार्श्वभूमीवर उमगते.

मर्यादेची दुसरी बाजूही आहे. उष्ण प्रदेशातील ओलसर मातीत ई. कोलाय काही काळ तग धरून वाढू शकतो, आणि क्लेब्सिएलासारखे काही उष्णतासह कोलिफॉर्म विष्ठेशिवायही आढळतात. तसेच ही विष्ठा माणसाची की गुरांची, हे नित्य चाचणी सांगत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालाचा अर्थ स्रोताची प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

७. परीक्षणास पूरक बाबी आणि महाविद्यालयांची भूमिका

निश्चितीसह निकाल हाती येईपर्यंत तीन-चार दिवस जातात व तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. म्हणून परीक्षणास दोन बाबींची जोड आवश्यक ठरते. पहिली म्हणजे स्वच्छता सर्वेक्षण. विहिरीचा कठडा तडकलेला आहे काय, हातपंपाभोवती सांडपाणी साचते काय, शौचालयाचा खड्डा किती अंतरावर आहे, जलवाहिनी गटारातून जाते काय, या प्रश्नांची उत्तरे जीवाणू पाण्यात शिरण्यापूर्वीच धोका दाखवितात. महाराष्ट्रात अशा सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत याच विचारावर आधारलेली आहे. दुसरी बाब उर्वरित क्लोरीनच्या दैनंदिन तपासणीची. ही तपासणी काही मिनिटांत होते. शेवटच्या नळाशी क्लोरीन न आढळणे ही त्याच दिवशी कृती करण्याची सूचना असते.

सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांकडे ऑटोक्लेव्ह, उबवणपेटी व प्रशिक्षित हात उपलब्ध असतात. परिसरातील स्रोतांचे एकदाच मोठे सर्वेक्षण करण्याऐवजी मोजक्या स्रोतांचे वर्षभर, विशेषतः पहिल्या पावसाच्या आगेमागे, पुनःपुन्हा परीक्षण केल्यास त्यातून मिळणारी माहिती अधिक उपयुक्त ठरेल. संख्याशास्त्र विभागास विश्वासमर्यादांचे व नमुना संख्येचे, भूगोल विभागास स्रोतांच्या नकाशाचे आणि समाजशास्त्र विभागास पाणी हाताळण्याच्या सवयींच्या अभ्यासाचे क्षेत्र येथे खुले आहे. महाविद्यालयाची स्वतःची पाण्याची टाकी व तेथील नळ हा या कार्याचा पहिला नमुना व्हावा.

८. समारोप

एशेरिख यांनी अर्भकांच्या विष्ठेत पाहिलेला जीवाणू सव्वाशेहून अधिक वर्षे पाण्याच्या सुरक्षिततेची साक्ष देत आला आहे. ही साक्ष विष्ठेच्या वाटेविषयीची आहे, रोगाविषयीची नव्हे. साक्षीदाराने काही पाहिले असे सांगितल्यास त्यावर तत्काळ विश्वास ठेवणे शहाणपणाचे असते. त्याने काही पाहिले नाही असे सांगितल्यास तो कोठे, केव्हा व किती वेळ उभा होता, हे विचारावे लागते. योग्य रीतीने घेतलेला नमुना, पुनरावृत्त परीक्षण, स्रोताची पाहणी आणि पुरेसा उर्वरित क्लोरीन या चार बाबी एकत्र आल्यावरच पाण्याच्या सुरक्षिततेविषयी काही खात्रीने बोलता येते. यांपैकी एकट्या अहवालाच्या भरवशावर गावाच्या आरोग्याचा भार टाकणे योग्य नव्हे.